तूर वाळायला लागल्यावर पुडी आणू नका

या महिन्यात टपालातून आलेल्या आठ पत्रांपैकी सात उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगाची आणि ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीच्या पुडीची. आठवं एका आजोबांचं आहे. त्यांनी माझ्या मागच्या उत्तरातली चूक काढलीय, ते शेवटी घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेत हीच बुरशी वाढवली, आता परभणीजवळ पाच एकर कोरडवाहू करते. त्यामुळे पुडी बनवणारीची बाजूही मला ठाऊक आहे आणि ती विकत घेणारीचीही.

ताई, तीन एकर सलग तूर आहे. मागच्या वर्षी फुलोऱ्यात असताना बांधाकडून झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. आमच्याकडं म्हणतात, तूर उधळली. दुकानदारानं ट्रायकोडर्माच्या चार पुड्या दिल्या. बुडाशी आळवणी केली, आठ दिवसांनी पुन्हा केली. वाळायची ती वाळलीच. औंदा तिथंच पुन्हा सुरू झालंय. ही मित्रबुरशी म्हणजे नुसती थाप आहे का?
– एक शेतकरी, औसा

थाप नाही भाऊ, वरातीमागून घोडं झालं. पण ते नंतर. आधी आपण ज्याला मर म्हणतोय ती मरच आहे का, हे बघू.

सुकायला लागलेलं पण अजून हिरवट असलेलं एक झाड कुदळीनं मुळासकट काढा. बुंध्याची साल विळ्याच्या टोकानं सोला. बुडापासून वर चढत गेलेला जांभळट-तपकिरी पट्टा दिसतोय का? बहुतेक वेळा तो एकाच अंगाला असतो, म्हणून झाडही आधी एका बाजूनं सुकतं. आता खोड उभं चिरा. आतल्या लाकडात काळसर रेघा दिसल्या तर ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर. या बुरशीचा पुरा अभ्यास आपल्याच देशात झाला. बिहारमध्ये पुसा इथं एडविन बटलर नावाचे बुरशीतज्ज्ञ होते, त्यांनी १९०६ साली तुरीच्या मरीवर लिहिलं, आणि फ्युजेरियम उडम हे नावही त्यांचंच. म्हणजे तुमच्या बांधाकडची ही पाहुणी शंभर वर्षांहून जास्त काळ ओळखीची आहे.

पट्टा नसेल, आणि पाणी साचणाऱ्या खोलगट जागीच झाडं गेली असतील, खोडावर जमिनीलगत खोलगट तपकिरी डाग असतील, तर तो फायटोप्थोरा नावाचा दुसराच रोग. त्याचा इलाज वेगळा. आधी पाणी काढून द्या, पुढच्या वर्षी रुंद वरंब्यावर पेरा.

तुमच्या वर्णनावरून तुमची तरी मरच वाटते. आता घोड्याचं. फ्युजेरियम मातीतून बारीक मुळांत शिरते ती पाऊस चालू असतानाच, झाड वीतभर-हातभर असताना. मग आतल्या नळ्यांमधून वर चढत राहते. झाड पाणी ओढतं त्याच नळ्या बुजत जातात. फुलोरा येतो, शेंगा लागतात, पाण्याची मागणी वाढते आणि नळ्या तर तुंबलेल्या. पायाखाली ओल असून झाड तहानेनं मरतं. तुम्हाला जे नोव्हेंबरात दिसलं त्याची सुरुवात जुलै-ऑगस्टात झालेली होती.

ट्रायकोडर्मा राहते मुळाच्या बाहेर आणि फार तर मुळाच्या वरच्या थरात. झाडाच्या नळीत शिरून तिथल्या फ्युजेरियमला हुसकावणं तिचं काम नाही. तिचं काम एसटीत खिडकीतून रुमाल टाकण्यासारखं. गाडी लागायच्या आधी रुमाल पडला तर जागा आपली. बियाण्याला चोळलेली ट्रायकोडर्मा कोवळ्या मुळाबरोबर खाली उतरते, मुळाभोवतीची जागा आणि अन्न धरून बसते. दुसऱ्या बुरशीचा धागा भेटला तर त्याच्याभोवती वेटोळे घालते आणि त्याची भिंत विरघळवणारी विकरं सोडते. हे वेटोळे मी सूक्ष्मदर्शकातून शेकडो वेळा पाहिलेत. काकडीचा तणावा काठीला धरतो ना, अगदी तसे दिसतात. अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवलं की ट्रायकोडर्मा ही मातीतल्या दुसऱ्या बुरशांवर जगते. आपल्या दुकानात ती पोचायला मधे बरीच वर्षं गेली.

आता या हंगामात काय? पूर्ण वाळलेली झाडं मुळासकट उपटून शेताबाहेर जाळा. तुराट्या म्हणून बांधावर रचून ठेवू नका, बुरशी त्या धसकटांतच मुक्काम करते. वाळलेल्या जागेच्या भोवतीच्या, अजून हिरव्या दिसणाऱ्या झाडांना हवी तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम याप्रमाणे बुडाशी आळवणी करा, जमीन ओली असेल तरच. भेगा पडलेल्या कोरड्या रानात ती पावडर म्हणजे पैसे मातीत घालणं. आणि आजारी झाडं बरी होतील ही आशा सोडून द्या.

पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात तूर नको. तूर घ्यायचीच असेल तर मरीला दाद न देणारा वाण घ्या. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन-७११ पांढऱ्या दाण्याचा आणि लवकर येणारा आहे. बीएसएमआर-७३६ लाल दाण्याचा, जरा उशिराचा. आयसीपीएल-८७११९, जिला आपण आशा म्हणतो, तीही आहे. नातेवाइकाकडून पायलीभर आणलेलं बी कितीही टपोरं असलं तरी ते कोणत्या वाणाचं, हे त्यालाच ठाऊक नसतं. वाण आधी बदला, मग बुरशीचं बघा. ट्रायकोडर्मा विकणारे हे सांगणार नाहीत, मी सांगते.

नमस्कार ताई. आमच्या बचत गटाच्या अकरा जणी यंदा हरभरा पेरणार आहोत. बीजप्रक्रिया करा असं सगळेच सांगतात. एक जण म्हणतो कार्बेन्डाझिम लावा, दुसरा म्हणतो ट्रायकोडर्मा, तिसरा रायझोबियम. तिन्ही एकत्र कालवून लावलं तर चालेल का?
– बचत गटाची एक सदस्य, दर्यापूर

एकत्र कालवू नका गं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. कार्बेन्डाझिम दोघींत भेद करत नाही, फ्युजेरियमबरोबर आपलीही मरते. कितीतरी जण सकाळी एक लावतात, दुपारी दुसरी लावतात आणि दोन्ही केलं म्हणून निर्धास्त होतात. ते म्हणजे विरजण लावून भांडं चुलीवर ठेवल्यासारखं.

म्हणून आधी बियाणं बघा. पिशवीतून निघालेलं बी गुलाबी किंवा लाल रंगाचं असेल तर कंपनीनं ते आधीच रासायनिक औषधात घोळवलेलं असतं. त्यावर ट्रायकोडर्मा चोळू नका. ती शेणखतातून जमिनीत द्या, कसं ते खालच्या एका उत्तरात आहे. बी घरचं, साधं असेल तर कार्बेन्डाझिम वगळा आणि सरळ ट्रायकोडर्मा लावा.

एकरी ३० किलो बी धरलं आणि किलोला ५ ग्रॅम, तर १५० ग्रॅम पुरते. पाव किलोची पुडी फोडून बाकीची कशाला उरवायची म्हणून सगळी ओतणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तोटा काही नाही, पण पुढच्या एकराला मग उरत नाही. तुम्ही अकरा जणी आहात, वाटून घ्या.

पद्धत अशी. पेरणीच्या दिवशी सकाळीच, ओसरीत नाहीतर झाडाखाली गोणपाट अंथरा. थोडा गूळ पाण्यात विरघळवून घ्या आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या. बियाण्याचा पातळ थर करून त्यावर हातानं शिंतोडे मारा. बी ओलं दिसायला नको, नुसतं चिकट लागायला हवं. ३० किलोला अर्धा लिटर खूप झालं. मग ट्रायकोडर्मा भुरभुरा आणि दोघींनी गोणपाटाची दोन-दोन टोकं धरून बी इकडून तिकडे लोळवा, बाळाला झोळीत हलवतात तसं. प्रत्येक दाण्यावर करड्या-हिरवट रंगाची पातळ पावडर बसली की झालं. शेवटी रायझोबियम, १० किलोला पाव किलोची एक पुडी, त्याच रीतीनं. रायझोबियम हा जिवाणू आहे, त्याचं आणि ट्रायकोडर्माचं पटतं. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवा आणि पेरा. उन्हात वाळवू नका, राहिलेलं बी उद्यावर टाकू नका.

जाता जाता सोयाबीनचंही सांगते, कारण जूनमध्ये तुम्ही हेच करणार. सोयाबीनची साल फार नाजूक. गोणपाटावर रगडलं की साल निघते आणि बी उगवतच नाही. तिथं पाणी अगदी नावाला आणि हात हलका.

दुसरं एक तुमच्या पत्रात नाही पण तुमच्या रानात असणार. सोयाबीन काढून त्याच रानात हरभरा पेरता ना? मळणीनंतर कुटार तिथंच पसरलेलं असतं, त्यावर ओल असते आणि हरभरा दहा-बारा दिवसांचा होतो न होतो तोच जमिनीलगत मान कुजून कोलमडतो. तो भाग हातात घेऊन बघा. पांढऱ्या कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे गोल दाणे असतील तर ती मर नाही, ती स्क्लेरोशियम, म्हणजे मानकुजव्या. अर्धवट कुजलेलं काड तिचं आवडतं जेवण. कुटार गोळा करून उकिरड्यात नेलंत तर अर्धं काम झालं. तिसरा प्रकार येतो घाटे भरायच्या वेळी, ऊन तापल्यावर. झाड गवतासारखं पिवळं पडतं, ओढलं की सोटमूळ मधेच तुटतं आणि हातात येतं ते काडीसारखं कोरडं, उपमुळंच नसलेलं. ती कोरडी मूळकूज. खऱ्या मरीत मूळ बाहेरून धडधाकट दिसतं, चिरल्यावर आतली रेघ काळी निघते. तिन्हींना आपण सरसकट मर म्हणतो म्हणून दुकानातही एकच औषध मिळतं.

वाण विजय, दिग्विजय किंवा जॅकी-९२१८ यांतला बघा. हरभऱ्याची मरीची बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षं तग धरते, त्यामुळे एक वर्ष गहू घेतला म्हणून रान साफ झालं असं समजू नका.

पुडी चांगली की वाईट हे शेतकऱ्यानं कसं ओळखायचं? एकाच वजनाच्या पुडीला एका दुकानात एक भाव, दुसऱ्यात दुप्पट. रंगावरून काही कळत नाही.
– एक वाचक, बार्शी

रंगावरून खरंच कळत नाही. पुडीत निम्म्याहून जास्त असते ती टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी. ती पांढरी, राखाडी कशीही असते आणि हिरवा रंग मिसळायला काही लागत नाही.

पाकीट उलटं करून वाचा. ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येते, त्यामुळे नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो नसेल आणि नुसतं जैविक, सेंद्रिय, चमत्कारी असं काही छापलेलं असेल तर परत द्या. मग सीएफयू बघा. एका ग्रॅममध्ये किती जिवंत कण आहेत त्याचा तो आकडा. आपल्याकडे १ टक्का पावडरीला किमान २० लाख हवेत, पाकिटावर तो २ गुणिले १० चा सहावा घात असा छापतात. मग तारीख. अंतिम तारीख लांबची दिसली तरी मी सहा महिन्यांपेक्षा जुनी घेत नाही. आत जीव आहेत, ते रोज थोडे मरतात.

आणि पाकिटापेक्षा दुकान बघा. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तालुक्याच्या बाजारातून आणलेल्या पुडीनं फसले. तारीख ताजी, नोंदणी ठीक. पण दुकानदारानं पाकिटांची माळ करून ती पत्र्याच्या शेडला दर्शनी टांगली होती, पश्चिमेच्या उन्हात, मे महिन्यात. मला ते दिसलं होतं आणि तरी घेतली. घाईत होते. घरी आणून चिमूटभर पेरून बघितली तर चार दिवसांत काहीही उगवलं नाही. सव्वीस वर्षं लोकांना सावलीत ठेवा म्हणून सांगणारी मी.

पेरून कशी बघायची? मूठभर ज्वारी भिजवून, शिजवून, पाणी पूर्ण निथळून गार करा. उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या डब्यात भरा आणि चमच्याच्या टोकावर मावेल इतकी पावडर टाकून ढवळा. झाकण किंचित सैल ठेवून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. जिवंत असेल तर दोन दिवसांत पांढरे धागे, चौथ्या-पाचव्या दिवशी गर्द हिरवे ठिपके. झाकण जरा तोंडापासून दूर धरून उघडा. काही जातींना चक्क खोबऱ्यासारखा वास येतो. आमच्या प्रयोगशाळेत नवीन लागलेल्या मुलींना पहिल्या दिवशी वाटायचं, कुणीतरी वड्या करतंय. काळी बुरशी आली, आंबट वास आला, दाणे चिकट झाले तर पुडीत दुसरंच काही आहे किंवा तुमचा डबा अस्वच्छ होता. हा अंदाज आहे, प्रयोगशाळेची तपासणी नाही. पण काहीच न उगवलेली पुडी पेरणीला वापरू नये इतकं त्यातून कळतं. डब्यातली ज्वारी नंतर उकिरड्यात. कोंबड्यांना नको.

आमच्या गटानं ठरवलंय की पुड्या विकत न घेता ज्वारीवर ट्रायकोडर्मा घरीच वाढवायची. इंटरनेटवर गुळाच्या पाण्याच्या ड्रममध्ये वाढवायचीही पद्धत दिसते. आपलं मत?
– गटशेती करणारे, अंबाजोगाई

मत स्पष्ट आहे. चार दाणे डब्यात वाढवून बघणं वेगळं, पोतंभर वाढवून शेतात टाकणं वेगळं.

ज्वारीवर जी जी हिरवी येते ती ट्रायकोडर्मा नसते. शिजलेलं धान्य हे सगळ्याच बुरशांचं पंगतीचं ताट. पिवळसर-हिरवी ॲस्परजिलस फ्लेव्हस तिथं फार जोमानं येते. भुईमुगात, मक्यात जे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं ते हिचंच. मग तुम्ही हिरवी दिसली म्हणून ती हातानं चुरता, नाकातोंडात धूळ जाते आणि तीच शेतात नेऊन टाकता. आमच्याकडे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं यंत्र, बंद खोली, स्पिरिटचा दिवा सगळं होतं, तरी एका उन्हाळ्यात चाळीस किलो ज्वारी मला काळी पडलेली सापडली आणि खड्ड्यात पुरावी लागली. चूक माझी होती. लाइट गेली असताना भांडं पूर्ण दाबाला पोचलंय असं समजून मी वेळ मोजायला लागले होते. घरच्या कुकरवर तुमच्या गटाचं काय होईल?

गुळाच्या ड्रममध्ये जोरात वाढतं ते बहुतेक यीस्ट आणि जिवाणू. फेस येतो, वास येतो, माणसाला वाटतं काहीतरी कामाला लागलं. ट्रायकोडर्माला हवा लागते, ड्रमच्या तळाशी ती मिळत नाही. मी हा मार्ग धरत नाही.

तुमचे पैसे वाचवणारा रस्ता शेणखताचा. चांगली एक किलो पुडी घ्या आणि ती १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा. पूर्ण कुजलेलं म्हणजे हात घातला तर गार लागणारं, काळं, मातीचा वास येणारं. उकिरड्यातून आज काढलेल्या गरम खतात मिसळलीत तर आतल्या उष्णतेनंच मरेल. ढीग सावलीत करा, फूटभर उंच, त्याहून जास्त नको. पाणी शिंपडत कालवा. मूठ आवळली तर लाडू व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, एवढी ओल. वरून ओली गोणपाटं. तीन-चार दिवसांनी एकदा वरखाली करा. पंधरा दिवसांत खतावर पांढुरकी-हिरवी साय धरलेली दिसेल. हे खत पेरणीच्या वेळी एका एकराला ओळीत द्या, वापसा असताना. नुसतं फेकून उन्हात उघडं ठेवू नका, पाळी घालून झाका.

आपल्या काळ्या जमिनीत हे खत आणखी एका कारणानं लागतं. ट्रायकोडर्माला थोडी आंबट जमीन मानवते आणि आपली माती त्याच्या उलट, चुनखडीची. भरपूर शेणखत असेल तर तिला त्यात तरी घर मिळतं. नुसती पावडर आपल्या रानात टाकणं म्हणजे पाहुण्याला अंगणात उभं करून दार लावून घेणं.

तुरीची काही झाडं खूप हिरवीगार, झुडपासारखी झालीत. पानं बारीक, फूलच नाही. ट्रायकोडर्मा टाकू का?
– भोकरदन

नको. तो वांझ रोग. विषाणूचा आहे, डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. बुरशीचा त्याच्याशी संबंध नाही. दिसली की झाड उपटा. छान हिरवं दिसतं म्हणून ठेवू नका.

घरामागे अळिंबीचं शेड आहे आणि ट्रायकोडर्माची पोती त्याच गोदामात ठेवतो. काही त्रास?
– मुळशी

फार मोठा. आज संध्याकाळीच ती पोती तिथून हलवा. आमची मित्रबुरशी अळिंबीवाल्यांची पहिल्या नंबरची शत्रू आहे. तुमच्या पिशव्यांवर जी हिरवी बुरशी येते ती बऱ्याचदा हीच असते. पोतं हाताळलेल्या कपड्यांनी शेडमध्ये जाऊ नका.

भातकापणीनंतर आम्ही आळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी, करतो. दरवर्षी रोपं मानेशी कुजून आडवी पडतात. घाटावरचे सल्ले आमच्या तांबड्या मातीला चालतात का?
– पेडणे, गोवा

या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात. तुमची जांभ्याची माती आंबट, तिच्यात ट्रायकोडर्मा आमच्यापेक्षा बरी टिकते. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम चोळा आणि वर सांगितलेलं शेणखत ओळीत द्या. मानेशी मोहरीसारखे दाणे दिसले तर भाताची धसकटं आणि पेंढा आधी काढा. आणि भाताचं पाणी पुरतं उतरू द्या. वाफ्यात पाय रुततोय तोवर बी टाकलंत तर कुठलीही बुरशी वाचवणार नाही.

मागच्या अंकात आपण तूर सलग पेरा, आंतरपीक नको, मळणीला त्रास होतो असं लिहिलंत. माझं वय ऐंशी. आमच्या वडिलांच्या वेळी चार तासं, म्हणजे ओळी, ज्वारी आणि एक तास तूर असे. मर नव्हती असं नाही, पण एखादं-दुसरं झाड. सगळं वावर वाळल्याचं मला ज्वारी बंद झाल्यावरच आठवतं. आपण शिकलेल्या आहात, सांगा, माझं चुकतं का?
– एक आजोबा, मंठा

नाही आजोबा, माझं चुकलं. मी मळणीयंत्राचा विचार केला, मुळांचा केला नाही.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही शेती संशोधनाची संस्था आहे. तिथल्या प्रयोगांतही ज्वारीच्या सोबतीनं वाढलेल्या तुरीत मर कमी दिसली. तुरीचं मूळ शेजारच्या तुरीच्या मुळाला भिडतं तेव्हा बुरशीला चालत जायला वाट मिळते. मधे ज्वारीची मुळं आली की ती वाट तुटते. ज्वारीच्या मुळांतून झिरपणारं पाणीही या बुरशीला फारसं मानवत नाही. आमच्या घरीही ज्वारीतच तूर होती. सोयाबीन आलं, पाखरं राखायला माणूस मिळेना, डुकरं वाढली आणि मीच पाच वर्षांपूर्वी ज्वारी बंद केली. त्यानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या विहिरीकडच्या कोपऱ्यात पहिली मर आली. ते दोन्ही मी आजवर एकत्र मांडून पाहिलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून मांडलं.

औशाच्या भाऊंनी वरचं माझं उत्तर यासकट वाचावं. तीन एकर सलगऐवजी मधे ज्वारी घेतली तर पुड्याही कमी लागतील.

येत्या खरिपात मी दीड एकरात तुमच्या वडिलांची चार-एकची पेरणी करणार आहे, बियाण्याला ट्रायकोडर्मा लावून. तुमच्याकडं खरिपाच्या उंच ज्वारीचं जुनं बी अजून असेल तर दोन शेर माझ्यासाठी बाजूला ठेवा, मी येऊन नेईन. आणि डुकरांचं तुम्ही काय करत होतात, तेही कळवा.